भिंतीलगतची खुर्ची

१

आमच्या घरात सकाळ दात कोरायच्या मशीनने होते. खाली नवऱ्याचा दवाखाना, वर आम्ही राहतो. त्याचा पहिला पेशंट खुर्चीत आडवा झाला की फरशीतून एक बारीक सूं वर येते, आणि तेव्हाच मी मागच्या खोलीत चेलोच्या तारा जुळवायला घेते. लग्न झालं तेव्हा या दोन आवाजांचं कसं जमणार, अशी सासूबाईंना काळजी होती. जमलं. पेशंट म्हणायला लागले की वरून काही वाजत असलं की कमी दुखतं. नवरा त्यांना सांगायचा, माझी भूल देणारी वर बसते.

मागची खोली म्हणजे खरं तर अडगळीची. एका भिंतीला कपड्यांची कपाटं, दुसरीला उभ्या करून ठेवलेल्या जुन्या गाद्या, खाली जाड सतरंजी. तिथे आवाज घुमत नाही. गोधडीत गुरफटल्यासारखा जागच्या जागी राहतो. मला ते आवडायचं.

मी शहराच्या वाद्यवृंदात चेलो वाजवते. बरीच वर्षं मागच्या रांगेत होते. मागच्या रांगेचं एक सुख असतं, आपली चूक चार जणांत वाटली जाते. मग आमच्या पहिल्या चेलोवादकांची बोटं आखडायला लागली, त्यांनी निवृत्ती घेतली, आणि हंगामाच्या शेवटच्या कार्यक्रमातला एकल भाग माझ्याकडे आला. तो चांगला झाला तर त्यांची जागाही मलाच मिळणार होती. इतकी वर्षं मला ती नको होती असं मी सगळ्यांना सांगत आले होते. एकल भाग मिळाल्याचं कळलं तेव्हा मात्र माझे हात गार पडले.

आमच्या संचालकांना आम्ही त्यांच्या मागे कंडक्टरच म्हणतो, कारण ते बोलतात तिकीट फाडल्यासारखं. पहिल्याच तालमीत ते मंचावरून उतरले, मी वाजवत असताना हॉलच्या टोकापर्यंत, अगदी सज्जाखालच्या अंधारापर्यंत चालत गेले आणि परत आले. म्हणाले, "बाई, तुमचा चेलो तुम्हाला फार आवडतो. मागे काही येत नाही त्यातलं."

मी रेकॉर्ड करून ऐकलं. त्यात सगळं ठीक वाटत होतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, मला तर फरशीतून येतं तेवढंही छान वाटतं. त्याच्या मतावर जाऊन भागणार नव्हतं.

२

मला चेलो शिकवला तो मामांनी. एके काळी जुन्या थिएटरात ते वाजवायचे तेव्हा उभं राहायलाही जागा नसायची म्हणतात. ऐन भरात असताना त्यांनी वाजवणं सोडलं. पुढे ऐकू येईनासं झालं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, तोंड त्यांच्याकडे ठेवून बोलायचं. ते तुमच्या ओठांकडे बघतात आणि एकही शब्द सुटत नाही.

मी सगळं सांगितलं. मामा म्हणाले की चेलो छातीला टेकलेला असतो, त्याचा आवाज कानात जायच्या आधी हाडात जातो. आपलं बोलणं रेकॉर्डवर ऐकलं की परकं वाटतं ना, त्यातलीच गत. वाजवणारा ऐकतो तो चेलो जगात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नसतो.

"तू तुझा चेलो अजून ऐकलेलाच नाहीस," ते म्हणाले.

मग त्यांनी उपाय सांगितला. हॉलमधली सगळ्यात वाईट खुर्ची शोधायची. तिथे आपण बसायचं आणि आपला चेलो दुसऱ्याला वाजवायला लावायचा. त्या खुर्चीतलं ऐकणं अंगात मुरलं की मंचावर जाऊन वाजवायचं, पण कान तिथेच राहू द्यायचा.

मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे जरा आपटूनच ठेवला आणि आता पुरे करा म्हणाल्या. मामा दमले असतील, असं मी धरलं.

३

सगळ्यात वाईट खुर्ची शोधायला वेळ लागला नाही. सज्जाखाली, रांगेच्या टोकाला, भिंतीला घासून असलेली. उठलं की आपोआप मिटणाऱ्या त्या लाल खुर्च्यांपैकी एक. बसलं की उजवा खांदा भिंतीला लागायचा. वास ओल्या चुन्याचा. शिवाय भिंतीच्या आत पाण्याचा पाइप होता, वर कुणी नळ सोडला की थेट कानाशी गुळगुळ व्हायची. त्या खुर्चीचं तिकीट विकताना काउंटरवरचा माणूस आधी माफी मागायचा म्हणे.

मंचावर माझ्या शेजारी बसतो त्याला सगळे लंबू म्हणतात. दारातून जाताना वाकायची सवय इतकी लागली आहे की मोकळ्या मैदानातही तो वाकून चालतो. माझा चेलो हातात घ्यायला तो आधी तयारच नव्हता. दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं, म्हणाला. शेवटी सकाळी तालमीच्या आधी, कुणी नसताना, तो मंचावर बसला आणि मी खाली जाऊन भिंतीलगत बसले.

मला ओळखीचा असलेला तो जाड, ऊबदार आवाज आलाच नाही. लांबून एक बारीक, जरासा नाकातला, हट्टी आवाज येत होता. वाईट नव्हता. एकटा होता. शिंप्याकडे दोन आरशांमध्ये उभं राहिलं की अचानक आपली पाठ दिसते आणि क्षणभर प्रश्न पडतो की ही कोण बाई, तसं मला झालं.

त्यानंतर मी रोज त्या खुर्चीत बसायला लागले. लंबू कुरकुरत वाजवायचा. मग आम्ही जागा बदलायचो, मी वर जायची, डोळे मिटायची, आणि खांद्याला लागणारी भिंत आठवत वाजवायची. बरेच दिवस काही झालं नाही.

मग एका तालमीत, एकल भागाच्या मध्यावर, आवाज माझ्या छातीतून निघून गेला.

दुसरे शब्द माझ्याकडे नाहीत. लाकूड छातीवर थरथरत होतं, गज हातात जड लागत होता, पण आवाज समोरून येत होता, लांबून, सज्जाखालून ऐकावा तसा. कुठे कमी पडतोय, कुठे नुसताच गोड आहे, सगळं लख्ख कळत होतं. मी तिथून ऐकत होते आणि इथे हात आपोआप दुरुस्ती करत होते.

संचालकांनी छडी खाली ठेवली. "आला," एवढंच म्हणाले. लंबूने दाद म्हणून गज स्टँडवर टकटक वाजवला, मग बाकीच्यांनीही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी जाताना नवऱ्यासाठी केक नेला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत नेहमीसारखी बसले. पहिलाच लांब स्वर ओढला आणि तो घुमला.

गाद्या, कपाटं, सतरंजी, सगळं जागेवर होतं. त्या खोलीत हाक मारली तरी ती दारापर्यंत जाताना दमते. आणि माझा स्वर मोठ्या हॉलमध्ये फिरावा तसा फिरला, वर गेला, सज्जाच्या कडेला लागून मागे आला.

मी थांबले. कान सवयीने फसतात, हे मला ठाऊक होतं. दिवसभर बोटीत बसून उतरलं की जमीन हलत राहते, तसलाच हा प्रकार असणार. जेवून झोपले की जाईल. असं स्वतःला समजावत मी पुन्हा गज उचलला, तेवढ्यात उजव्या कानाशी पाण्याची गुळगुळ झाली.

माझ्या उजवीकडे कपाट होतं. कपाटामागे बाहेरची भिंत. त्या भिंतीत पाइप नाही. तरी मी कपाट ओढून बघितलं. नवरा खालून वर आला, भूकंप झाला का विचारायला. मी म्हटलं, झुरळ होतं.

५

आधी फक्त चेलो गेला होता. मग एकेक करून बाकीचं जायला लागलं. चहाचं पातेलं उतू जायचं ते लांब कुठेतरी. दाराची घंटा मंचावर वाजल्यासारखी वाजायची. खालच्या मशीनची ती सूंसुद्धा दूर गेली, आणि ती गेली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

नवरा जेवताना समोर बसून बोलायचा. त्याचा आवाज यायचा, पण नाटकातला माणूस बोलावा तसा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मधल्या जागेत खुर्च्यांच्या रांगा असाव्यात असं वाटायचं. नीट समजायला मी त्याच्या ओठांकडे बघायला लागले. तो म्हणाला, इतक्या वर्षांनी तू माझ्याकडे बघतेस तरी.

सगळ्यात शेवटी माझा स्वतःचा आवाज गेला. एका दुपारी मी "मीठ दे" म्हटलं आणि ते दोन शब्द लांबून आले. कुणीतरी बाई तिथे दूर बसून मीठ मागत होती. माझ्या घशात नुसती हालचाल होती.

नवऱ्याच्या ओळखीचे कानाचे डॉक्टर होते. त्यांनी मला एका बंद केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि टिक ऐकू आली की बटण दाबायला सांगितलं. टिक यायची, दुरून, पण यायची. मी दाबत होते. पण जवळ, अगदी माझ्या पायाशी, दुसरंच काही चाललं होतं. कार्पेट साफ करायचं मशीन घरघरत होतं. ते बंद पडलं. मग पत्र्याची बादली कलंडली, पाणी पसरलं, आणि एक बाई वैतागून म्हणाली, "गेलं सगळं." मी बटणावरचा अंगठा उचलून धरला, कारण त्यासाठी दाबायचं नव्हतं.

डॉक्टरांनी कागद पाहून सांगितलं की असे कान विशीतल्या मुलींनाही नसतात. दगदग कमी करा म्हणाले.

मी घरी न जाता हॉलवर गेले. सज्जाखाली सफाईवाल्या बाई गुडघ्यावर बसून ओलं कार्पेट कापडाने टिपत होत्या. पत्र्याची बादली शेजारी होती. मी विचारलं, बादली कधी सांडली. आत्ताच थोड्या वेळापूर्वी, त्या म्हणाल्या. त्या वेळी तुम्ही काही बोललात का, हेही विचारलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हॉलमध्ये कुणी नव्हतं तेव्हा," त्या म्हणाल्या.

मी भिंतीलगतच्या खुर्चीत बसले, आणि बसल्या बसल्या सगळं जागेवर आलं. बाईंचा श्वास जवळ, कापड पिळल्याचा आवाज जवळ. मी हलकेच "हं" केलं. ते माझ्या घशात वाजलं, माझ्या डोक्यात, आत. किती दिवसांनी मी स्वतःपाशी होते. माझा चेहरा पाहून बाईंनी कापड बाजूला ठेवून विचारलं, कुणी गेलं का तुमच्या घरचं.

६

नवऱ्याचा विश्वास बसेना. तो रोज लोकांच्या तोंडात डोकावतो, दिसेल तेच खरं मानतो. त्याने स्वतःच परीक्षा ठरवली. मला बाहेर रस्त्यावर उभं केलं, मधली सगळी दारं लावून घेतली, आत जाऊन त्या खुर्चीशी वाकला आणि कुजबुजला. मी फुटपाथवर उभी होते, समोरून बस जात होती, बसचा आवाज मला पुसट येत होता आणि नवरा माझ्या कानात त्याच्या आत्याबद्दलची ती जुनी, घाणेरडी गोष्ट सांगत होता. मी एकटीच मोठ्याने हसले. तो बाहेर आल्यावर मी ती गोष्ट शेवटपर्यंत परत सांगितली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पुढे कितीतरी दिवस त्याने एकही विनोद केला नाही.

पण त्याने मला एकटीला सोडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. दुपारी दवाखाना बंद करून तो डबा घेऊन हॉलवर यायचा. मी भिंतीशी, तो माझ्या डावीकडे. तिथे बसून आम्ही जेवायचो, बोलायचो, एकदा भांडलोसुद्धा. नवऱ्याचा आवाज जवळून ऐकायचा तर मला थिएटरात बसावं लागत होतं. उठलं की खुर्ची मागे मिटायची आणि तो पुन्हा लांब जायचा.

मी मामांकडे गेले. नेहमीसारखी त्यांच्या समोर बसले आणि सांगायला सुरुवात केली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ते माझ्या ओठांकडे बघताहेत आणि मी त्यांच्या. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांना तसं पाहिलं आणि त्या तिथेच खाली बसल्या.

"मामा, तुम्ही बहिरे नाही," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले.

मी विचारलं की मग ऐकू काय येतं. ते शांतपणे सांगत गेले. ते वाजवायचे ते जुनं थिएटर पाडलं, हे मला माहीत होतंच. तिथे आता गाड्या ठेवायची चार-पाच मजली इमारत आहे. गाडी मागे घेताना जे वाजतं ते त्यांना ऐकू येतं. एक लिफ्ट आहे, तिचं दार नीट लागत नाही. पावसाळ्यात वरून थेंब पडतात.

मी म्हटलं, तिथे जाऊन उभं राहिलं तर बरं वाटतं, मला वाटतं. तुम्ही जात का नाही?

"गेलो होतो," ते म्हणाले. "ती खुर्ची बाल्कनीत होती. आता ती जागा दोन मजल्यांच्या मधे येते. स्लॅबमध्ये. तिथे उभं राहता येत नाही."

खोलीत काय आवाज होता मला माहीत नाही. माझ्या कानाशी पाइप वाजत होता.

तुम्हाला हे माहीत असताना मला का शिकवलंत, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज चढला असावा, कारण मामी उठल्या. मामांना मात्र राग आला नाही, ओशाळल्यासारखंही झालं नाही. त्यांचे डोळे चमकत होते. ते म्हणाले की तुला वाजवायचं होतं, आणि त्या शेवटच्या वर्षी मी जसं वाजवलं तसं नंतर कुणी वाजवलेलं नाही.

मामी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. माझी हनुवटी धरून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "कार्यक्रम करू नकोस, बाळ."

७

नवऱ्याचंही तेच मत होतं. पण न वाजवून कान परत येणार होता, असं थोडंच होतं? आणि खरं सांगायचं तर मला वाजवायचं होतं. तालमींना आता वाद्यवृंदातले लोक आपला भाग नसतानाही थांबायचे. लंबूने एकदा वाजवणं संपल्यावर माझ्याकडे पाहून मान फिरवली होती, आणि त्याचे डोळे ओले होते. मागच्या रांगेत बसून असं काही मी जन्मभर वाजवलं नसतं. मामांच्या डोळ्यांतली चमक मला कळत होती, हीच भीतीची गोष्ट होती.

मग नवऱ्याने त्याच्या धंद्याला शोभेल असा तोडगा काढला. दुखतंय ते उपटायचं. खुर्ची घरी आणायची.

हॉलच्या व्यवस्थापकांना त्यात वावगं वाटलं नाही. ती रांग तशीही सुट्टीत बदलायची होती. सुतार आला. मी मुद्दाम लांब, मंचाच्या मागच्या खोलीत थांबले. तरी पान्ह्याचा पहिला वळसा माझ्या कानातच बसला. गंजलेले बोल्ट किंचाळत सुटत होते आणि मी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. कानांवर हात ठेवून काहीच उपयोग नव्हता. कान माझ्याकडे नव्हते.

आम्ही ती गाडीच्या मागच्या सीटवर घालून आणली, मागच्या खोलीत, गाद्यांपाशी ठेवली. नवऱ्याने ती पुसली. मी बसले. तो माझ्या डावीकडे उकिडवा बसला आणि बोलला. त्याचे ओठ हलले. शब्द लांबून आले, मंचावरून.

मग उजव्या कानाशी गुळगुळ झाली.

तो अजून आशेने माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. त्याने खुर्चीच्या हातावर डोकं टेकलं.

हॉलमध्ये त्या जागी आता फरशीत बोल्टची भोकं होती आणि कार्पेटचा एक न झिजलेला, गडद लाल चौकोन. तिथे उभं राहून भागत नव्हतं, कान वर जायचा. गुडघ्यांत वाकून, भिंतीला टेकून, नसलेल्या खुर्चीत बसल्यासारखं बसलं की सगळं जुळायचं. मांड्या थरथरायला लागेपर्यंत मी तशी राहायची. सफाईवाल्या बाई आता सज्जाखाली मी नसतानाच यायच्या.

८

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. हॉल भरला. नवऱ्याने त्या मोकळ्या चौकोनाला लागून असलेली खुर्ची घेतली होती. त्याने तसं का केलं ते मला आधी सांगितलं नव्हतं.

मी मंचावर येऊन बसले. टाळ्या मला दुरून आणि जवळून दोन्हीकडून ऐकू आल्या, कारण सज्जाखालचेही वाजवत होते. वाद्यवृंदाची सुरुवातीची पानं वाजली. माझा भाग आला. मी तारांवर गज ठेवला, आणि सज्जाखाली भिंतीशी बसलेल्या माणसाला काय हवं ते मला कळत होतं, म्हणून मी ते दिलं.

पहिल्या विश्रांतीच्या मात्रांमध्ये माझ्या डाव्या कानाशी श्वास आला. मग नवऱ्याचा आवाज, अगदी हळू. "छान चाललंय. घाबरू नकोस, मी इथे आहे."

तो त्या रिकाम्या जागेकडे झुकून बोलत होता. हॉलभर माणसं बसलेली असताना, त्याला कुणी वेडा म्हणेल याची पर्वा न करता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा भाग मी त्याच्यासाठी वाजवला. पुढच्या मोकळ्या मात्रा आल्या तेव्हा मी वाटच बघत होते.

"मामीपण आल्यात," तो कुजबुजला. "पुढच्या रांगेत आहेत. त्या—"

"शू. ऐकू दे."

आवाज माझा होता. पण तो बाहेरून आला नव्हता. तो घशात वाजला होता, डोक्यात, हाडात, आपला आपल्याला ऐकू येतो तसा. माझं तोंड मिटलेलं होतं. दात इतके घट्ट आवळलेले होते की जबडा दुखत होता.

मी वर पाहिलं. मंचावरच्या दिव्यांमुळे खाली काही दिसत नाही, पण सज्जाखाली बाहेर जायच्या दारावरचा एक मंद दिवा असतो. त्या उजेडात नवऱ्याचा चेहरा दिसला. तो भिंतीकडे वळलेला होता. मी रागावले की तो जसा हसतो, ओठ दाबून, तसा तो हसत होता. त्याच्यापुढे, दिवा आणि भिंत यांच्या मधे, जिथे काही नव्हतं तिथे, भिंत दिसत नव्हती.

संचालकांची छडी वर गेली. माझ्या हातांनी वाजवायला सुरुवात केली.

ते शेवटपर्यंत कसं वाजलं ते मला सगळे सांगतात. लोक उभे राहिले होते. संचालकांनी सर्वांसमोर माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही, त्यावरून माझी जागा ठरल्याचं मला कळलं. नवरा मंचामागच्या खोलीत धावत आला. मी त्याच्या ओठांवरून वाचलं. तो विचारत होता की वाजवता वाजवता तू मला गप्प कसं केलंस. त्याला वाटत होतं की त्याला गंमत सापडली आहे, आता आम्हाला दोन्हीकडून बोलता येईल. त्याला आनंद झाला होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

आम्ही घरी निघालो. बाहेर लख्ख ऊन होतं. चेलो मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेला होता. नवरा गाडी चालवताना रस्त्याकडे बघत बोलत होता, त्याचा एकच गाल मला दिसत होता, म्हणून काही कळत नव्हतं. मला ऐकू येत होता तो हॉल. खुर्च्या एकामागून एक मिटत होत्या. कुणीतरी शिट्टी वाजवत कागद गोळा करत होतं. दिव्यांची बटणं पडली, खटखट, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत. हंगाम संपला होता, आता सुट्टीनंतरच उघडणार. मोठं दार ओढलं गेलं, साखळी खुळखुळली, कुलूप बसलं. भिंतीतल्या पाइपमध्ये थोडंसं पाणी वाहिलं आणि थांबलं.

मग कुणीतरी माझ्या आवाजात, आतून, हळूच विचारलं.

"गेले का सगळे?"

मी बाजूच्या आरशात बघितलं. माझे ओठ मिटलेले होते. मी त्यांवर बोटं ठेवून खात्री केली. नवरा वळला, काहीतरी म्हणाला, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

उजव्या खांद्याची भिंत सुटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझे कान तिथून हलले. रांगेमधून कपडा खुर्च्यांना घासत गेला, मग मोकळ्या वाटेवर पावलं सुरू झाली. सावकाश, अंधारात चाचपत, उतरत्या हॉलमधून पुढे. मंचाच्या लाकडी पायऱ्या वाजल्या. गाडी आमच्या गल्लीत वळली तेव्हा तिथे वर कुणीतरी एक खुर्ची पुढे ओढून घेतली.